कोटेड टोपाझचा दागिना: घेताना काय पाहायचं आणि घेतल्यावर कसा जपायचा

मिस्टिक टोपाझ, रेनबो टोपाझ, फायर टोपाझ, अझोटिक टोपाझ. नावं चार, माल एकच: कोटेड, म्हणजे लेप दिलेला टोपाझ. आत बिनरंगी टोपाझ आणि त्याच्या पाठीवर धातूच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ लेप. दुकानातल्या दिव्याखाली खडा हिरवा, जांभळा, गुलाबी असा एकाच वेळी चमकतो आणि किंमतही आवाक्यात असते, त्यामुळे पहिल्यांदा खड्याचा दागिना घेणारे हमखास इथे थांबतात.

विक्रेता सांगतो की टोपाझ टणक, मोह्स या टणकपणाच्या १ ते १० मापावर ८, आयुष्यभर टिकेल. खोटं नाही ते, पण ते आतल्या खड्याबद्दल आहे. तुम्ही पैसे मोजता रंगाचे, आणि रंग आहे लेपाचा. या लेपाला टोपाझचा टणकपणा नाही. अंगठी घ्यायची की कानातलं, धुताना ब्रश कुठे लावायचा, सोनाराला काय बजावायचं, हे सगळं इथूनच ठरतं.

१. आधी नावांचा घोळ मिटवा

मराठी शब्दकोशात टोपाझचा अर्थ पुष्कराज असा मिळतो. बाजारात मात्र गुरूचं रत्न म्हणून जो पुष्कराज विकला जातो, तो पिवळा नीलम. तो माणिक-नीलमाच्या कुळातला, म्हणजे कोरंडम, टणकपणा ९. टोपाझ हे पूर्ण वेगळं खनिज. सुनेला किंवा सुनहला म्हणून मिळतो तो बहुधा सिट्रिन, म्हणजे पिवळा क्वार्ट्झ (स्फटिक). तीनही पिवळे, तीनही पारदर्शक, आणि भावात जमीन-अस्मानाचं अंतर. ‘पुष्कराजच आहे, इंग्रजीत टोपाझ म्हणतात’ हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. त्यातही पिवळा लेप दिलेला टोपाझ पुष्कराजाच्या भावात गळ्यात मारला गेला, तर फसवणूक दुहेरी. श्रद्धा ज्याची त्याची, पण आपण कोणत्या खनिजाचे पैसे देतोय हे कळायलाच हवं.

दुसरा गोंधळ निळ्या टोपाझचा. स्काय ब्लू, स्विस ब्लू, लंडन ब्लू या नावांनी मिळणारे खडे सहसा कोटेड नसतात. बिनरंगी टोपाझवर किरणोत्सर्गाची प्रक्रिया करून मग तो तापवला की निळा रंग येतो, आणि तो खड्याच्या आरपार असतो. घासला तरी जात नाही. हिरवट निळा, मोरपंखी किंवा इंद्रधनुषी निळा दिसला, तर मात्र लेप आहे असं धरूनच पुढे चला.

गुलाबी आणि लाल टोपाझचंही तसंच. नैसर्गिक गुलाबी टोपाझ दुर्मीळ आहे. ब्राझीलच्या ओरू प्रेतू भागातला इम्पीरियल टोपाझ आणि पाकिस्तानातल्या कटलांगचा गुलाबी टोपाझ यांना रत्नबाजारात मान आहे आणि भावही तसाच. चांदीच्या स्वस्त अंगठीत गडद गुलाबी टोपाझ बसवलेला असेल, तर तो रंग लेपाचा समजायला हरकत नाही.

आणखी तीन शब्द लक्षात ठेवा. ‘मिस्टिक क्वार्ट्झ’ म्हणजे लेप तसाच, पण आत टोपाझऐवजी क्वार्ट्झ. ‘टोपाझ कलर’ म्हणजे फक्त रंगाचं नाव, आत काहीही असू शकतं. आणि जयपूरच्या बाजारात ‘हायड्रो’ म्हणतात ती बहुतेकदा काच.

२. लेप कुठे असतो आणि रंग कसा देतो

पैलू पाडून तयार झालेले बिनरंगी खडे स्वच्छ धुऊन एका तबकात पालथे मांडतात, म्हणजे टोक वर आणि सपाट माथा खाली. तबक निर्वात पात्रात ठेवून टायटॅनियमसारख्या धातूचे कण त्यावर बसवतात. काचेच्या भिंगांवर थर चढवायचं जे तंत्र, तेच इथे वापरलं आहे. १९९० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या अझोटिक या कंपनीमुळे ‘मिस्टिक’ हे नाव रूढ झालं.

थराची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आसपास किंवा तिच्याहून कमी, म्हणजे केसाच्या जाडीच्या शेकडो पटींनी कमी. पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या डिझेलच्या तवंगावर जसे रंग दिसतात, तसेच इथेही. प्रकाश थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परततो, दोन्ही लाटा एकमेकींत मिसळतात, आणि खडा हलला की रंग बदलतो.

लेप मागच्या बाजूला देण्यामागे हिशेब आहे. घासला जातो तो माथा, आणि माथ्यावर उघडा टोपाझ असतो. पाठ सुरक्षित राहते, निदान घडण बरी असेल तोवर. काही स्वस्त खड्यांना मात्र माथ्यावरही लेप असतो. रोजच्या वापरात तेच सगळ्यांत आधी पांढरे पडतात. काही प्रकारांत लेप दिल्यावर खडा भट्टीत तापवून थर पक्का करतात. तो जास्त टिकतो, तरी जपायचे नियम तेच.

३. जवळ काय हवं

- दहा पट मोठं दाखवणारं जवाहिऱ्यांचं घडीचं भिंग
- पांढऱ्या उजेडाची लहान बॅटरी
- पांढरा कागद आणि पांढरी वाटी किंवा कप
- ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा, फक्त सुटा खडा घेणार असाल तर
- घरी धुण्यासाठी लहान बाळांचा मऊ ब्रश, दोन-तीन वाट्या, धुतलेल्या जुन्या सुती साडीचा तुकडा

यापैकी भिंग आणि काटा सोडून बाकीचं घरात असतंच. भिंग मात्र घ्या. मोबाइलच्या कॅमेऱ्याने त्याची जागा भरून निघत नाही, कारण कॅमेरा उजेड स्वतःच सारखा करून घेतो आणि लेपावरचे बारीक ओरखडे गायब होतात.

४. दागिन्याचा प्रकार आणि घडण

कोटेड टोपाझ कानात आणि गळ्यात सुखी राहतो. हातात त्याचे हाल होतात. कानातलं आणि पेंडंट कुठे आपटत नाही, त्याला भांड्यांचा साबण लागत नाही, त्याच्या पाठीवर दिवसभर घाम साचत नाही. अंगठी आणि ब्रेसलेटला हे सगळं होतं. पहिलीच खरेदी असेल तर कानातल्यापासून सुरुवात करा. अंगठीच हवी असेल तर ती समारंभापुरती ठेवायची, हे घेतानाच ठरवा.

घडणीत तीन गोष्टी पाहा.

पहिली, खड्याची पाठ. बहुतेक अंगठ्यांत खड्यामागे धातू मोकळा ठेवलेला असतो. उजेड आत जावा म्हणून ते बरंच, पण मग लेपाची बाजू थेट बोटाकडे येते. खड्याचं टोक धातूच्या कड्याच्या खाली उतरलं आहे का पाहा. अंगठी टेबलावर ठेवल्यावर टोक टेबलाला टेकत असेल तर घेऊ नका. ते टोक काही महिन्यांत पांढरं पडणार. टोक आणि बोट यांच्यात किमान १ मिमी जागा हवी.

दुसरी, खड्याची कड. टोपाझ टणक असला तरी त्याला एक कच्ची दिशा असते. त्या दिशेने नेमका मार बसला की खडा सपाट चिरतो, लाकूड रेषेतून फुटावं तसा. शहाबादी फरशीवर किंवा ओट्याच्या ग्रॅनाइटवर पडलेला टोपाझ म्हणूनच कधी शाबूत राहतो, तर कधी दोन तुकडे होतो. धातूच्या चार बारीक नखांवर उभा केलेला खडा जास्त उघडा पडतो. सगळीकडून धातूची पट्टी असलेलं कोंदण कड झाकतं. अंगठीसाठी कोंदण, कानातल्यासाठी नखं चालतील.

तिसरी, पाठ पूर्ण बंद असलेली घडण. ती लेपाला चांगली, पण आत काय आहे ते दिसत नाही. बंद पाठीमागे रंगीत पन्नी आणि गोंद लावून काचही बसवता येते. बंद पाठीचा दागिना हवा असेल, तर जडवण्याआधीचा सुटा खडा दाखवायला सांगा. ते जमणार नसेल तर मोकळ्या पाठीचा घ्या.

आणि मापाचं एक. खडा ठरावीक मापाचा असावा: लंबगोल ८×६, ९×७ किंवा १०×८ मिमी, गोल ६, ७ किंवा ८ मिमी. पुढेमागे लेप गेला, तर त्याच मापाचा नवा खडा दागिन्यातल्या त्याच घरात बसवता येतो. विचित्र आकाराचा, हाताने पाडलेला खडा दिसतो देखणा, पण त्याला जोड मिळत नाही.

५. काय विचारायचं

समोर दुकानदार असो वा ऑनलाइन विक्रेता, प्रश्न हेच, आणि उत्तर लेखी:

- आतला खडा टोपाझ आहे की क्वार्ट्झ, काच, क्युबिक झिरकोनिया (बाजारातलं ‘झिरकॉन’)?
- लेप फक्त पाठीवर आहे की माथ्यावरही?
- धातू कोणता, शुद्धता किती, वर रोडियमचा (पांढरा, चकचकीत धातू) किंवा सोन्याचा मुलामा आहे का?
- लेप उडाला तर खडा बदलून देता का, किती दिवसांत, कोणत्या खर्चात?
- परत घेताना काय भाव देता?

शेवटच्या प्रश्नाचं खरं उत्तर बहुतेक वेळा ‘फक्त धातूचा’ हेच असतं. बिनरंगी टोपाझ मुबलक मिळतो आणि लेप देणं हे कारखान्याचं काम आहे, म्हणून खड्याला पुनर्विक्रीची किंमत जवळपास नाही. गुंतवणूक म्हणून कोणी हा खडा विकत असेल, तर नमस्कार करून बाहेर पडा. बँकॉकच्या सहलीत टूरच्या बसमधून दुकानात उतरवून दाखवले जाणारे ‘रेअर’ खडेही याच सदरात.

ऑनलाइन घेताना खड्याच्या मागच्या बाजूचा फोटो आणि दिवसाच्या उजेडातला छोटा व्हिडिओ मागा. जाहिरातीतले फोटो टोकदार एलईडी दिव्याखाली काढलेले असतात, त्यात प्रत्येक पैलू पेटतो. घरी ट्यूबलाइटखाली तोच खडा करडा-जांभळा वाटू शकतो. खडा तोच असतो, उजेड बदललेला असतो. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा आणि परतीची मुदत संपायच्या आत पुढची तपासणी उरका.

६. भिंगाखाली तपासणी

इथे घाई नको. दहा मिनिटं लागतात.

दागिना आधी मऊ कापडाने हळूच टिपून घ्या, पुसू नका. खिडकीकडे पाठ करून बसा. दागिना पालथा धरा आणि खांद्यावरून येणारा उजेड मागच्या पैलूंवर पडेल असा कोन साधा. आता खड्याच्या आत बघायचं नाही, पैलूंच्या पृष्ठभागावरून परतणारा उजेड बघायचा. साध्या खड्यात तो पांढरा असतो. लेप असेल तर पैलूवर तेलकट निळी, जांभळी किंवा हिरवी झाक दिसते आणि कोन बदलला की तीही बदलते. लेप आहे की नाही, याचा एवढाच पुरावा पुरतो.

मग दागिना सुलटा करून माथ्यावरच्या मोठ्या सपाट पैलूवर हाच प्रयोग करा. तिथे परतणारा उजेड पांढरा हवा. तिथेही झाक दिसली, तर वरही लेप आहे. हातात घालायचा दागिना असेल तर हा खडा नको.

आता लेपाची अवस्था. भिंग डोळ्याला टेकवा, खडा भिंगाजवळ आणा आणि एकेक पैलू फिरवत बघा. दोन पैलू जिथे मिळतात त्या धारांवर लेप सगळ्यांत आधी झिजतो, तिथे बिनरंगी बारीक रेघा दिसतात. टोकावर पांढरा ठिपका, पैलूंवर सुईच्या टोकाएवढी छिद्रं, नखांच्या टोकापाशी खरचटल्यासारखा पट्टा, हे सगळे दोष. नखांपाशी दिसणारा पट्टा जडवतानाच्या घाईतून येतो आणि नव्या दागिन्यातही सापडतो. नव्या मालात एखादं बारीक छिद्र समजून घेता येईल, धारांवरची झीज नाही. ती असेल तर दागिना वापरून परत आलेला असू शकतो.

गुलाबी, लाल किंवा हिरवा असा एकच रंग असलेल्या खड्यात झाक फारशी जाणवत नाही. तिथे सुटा खडा पांढऱ्या वाटीत पाणी घेऊन त्यात पालथा ठेवा आणि वरून बघा. रंग अंगभर सारखा दिसण्याऐवजी पृष्ठभागावर ठिपक्यांसारखा किंवा डागाळलेला दिसला, तर लेप. खडा आडवा धरून कडेने पाहिलं, तर वरचा भाग बिनरंगी आणि रंग खालच्या अर्ध्या भागात, असंही दिसतं.

राहिला प्रश्न आत टोपाझच आहे का याचा. सुट्या खड्याला वजन मदत करतं. टोपाझची घनता सुमारे ३.५, क्वार्ट्झची २.६५. म्हणजे त्याच मापाचा, त्याच घडणीचा टोपाझ ४ कॅरेटचा असेल, तर क्वार्ट्झ जेमतेम ३ कॅरेट भरेल. क्युबिक झिरकोनिया, ज्याला बाजारात नुसतं झिरकॉन म्हणतात, तो उलट साडेसहा कॅरेटच्या आसपास जाईल. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, एवढं लक्षात ठेवलं की तो छोटा काटा पुरतो. भाव मात्र कॅरेटमध्येच विचारा. रत्नांच्या बाजारातली रत्ती आणि सोनाराची गुंज यांचं वजन एक नाही, आणि त्या फरकात पैसे जातात.

काचेत भिंगाखाली गोल बुडबुडे किंवा पाकासारखे वळणदार पट्टे दिसू शकतात. बुडबुडे नाहीत म्हणून काच नाही, असं मात्र म्हणता येत नाही.

दुकानदार खडा काचेवर घासून ‘बघा, टणक आहे’ असं दाखवेल. क्वार्ट्झही काचेवर ओरखडा काढतो, त्यामुळे यातून काहीच सिद्ध होत नाही, लेप तेवढा खराब होतो. तापवलेली सुई, लायटर, नेलपॉलिश काढायचं द्रव, हे प्रयोग कोणालाही करू देऊ नका.

जडवलेल्या दागिन्यात वजनाची युक्ती चालत नाही. शंका असेल तर प्रयोगशाळा. मुंबईत जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया आहे, जयपुरात आयआयजीजे-आरएलसी (आधीची जेम टेस्टिंग लॅबोरेटरी) आहे. तिथे माथ्याच्या उघड्या पैलूवर वक्रीभवनांक, म्हणजे खड्यात शिरताना प्रकाश किती वाकतो ते मोजतात, टोपाझचा १.६१ ते १.६४ च्या दरम्यान येतो, क्वार्ट्झचा १.५४ ते १.५५. चांदीच्या साध्या दागिन्यासाठी तपासणीचा खर्च खड्याच्या किमतीवर जाऊ शकतो, तेव्हा हा मार्ग सोन्यातल्या किंवा मोठ्या खड्यासाठी ठेवा.

अहवाल मिळाला की ‘नॅचरल टोपाझ’ एवढं वाचून थांबू नका. खडा नैसर्गिक आहेच, पण लेपाची नोंद खाली ‘ट्रीटमेंट’ किंवा ‘कमेंट्स’ या रकान्यात असते. ती कोटेड अशी स्पष्ट हवी. रत्नव्यापाराच्या सिब्जो या जागतिक संघटनेच्या नियमांनुसारही लेप ही ग्राहकाला सांगायलाच हवी अशी प्रक्रिया आहे.

७. बिल

पक्कं बिल घ्या आणि त्यावर हे असू द्या: ‘कोटेड नॅचरल टोपाझ’ हे शब्द, खड्याचं माप आणि कॅरेट, धातूचं नाव आणि शुद्धता, खड्यासह वजन आणि खड्याशिवाय वजन वेगळं, घडणावळ वेगळी, ३ टक्के जीएसटी.

दोन वजनांचा आग्रह सोडू नका. १० कॅरेटचा खडा म्हणजे २ ग्रॅम. दागिना सोन्यात असेल आणि अख्खं वजन सोन्याच्या भावाने लावलं, तर बिनरंगी टोपाझचे पैसे तुम्ही सोन्याच्या दराने देऊन बसता. चांदीत फटका लहान, पण युक्ती तीच.

सोन्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरो) हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक असतो. तो बीआयएस केअर या अ‍ॅपवर टाकून जुळवून बघा. चांदीवर ९२५ हा आकडा म्हणजे ९२.५ टक्के चांदी. नुसता आकडा कोणीही ठोकू शकतो, म्हणून बिलावरही तो लिहून घ्या. ‘जर्मन सिल्व्हर’मध्ये चांदी अजिबात नसते, तांबं, निकेल आणि जस्ताचा तो मिश्रधातू आहे आणि निकेलने कानाला खाज सुटणारे बरेच असतात.

बिल, अहवाल, दागिन्याचे पुढून-मागून काढलेले फोटो आणि विक्रेत्याशी झालेलं लेखी बोलणं एकत्र ठेवा. माल वेगळाच निघाला आणि विक्रेता दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवताना हेच कागद लागतात.

८. रोजचा वापर

दागिना सगळ्यात शेवटी घालायचा आणि सगळ्यात आधी काढायचा. क्रीम, अत्तर, हेअरस्प्रे आधी मारा, वाळू द्या, मग कानातलं.

अंगठी काढून ठेवायचे प्रसंग: कणीक मळणं, भांडी घासणं, फरशी पुसणं, बागेत मातीत हात घालणं, जिम, पोहण्याचा तलाव, समुद्र. तलावातलं क्लोरीन आणि समुद्राचं खारं पाणी आधी धातूला लागतं, पण वाळू थेट लेपाला. काढलेली अंगठी बेसिनच्या कडेवर ठेवू नका, तिथून ती एक तर फरशीवर पडते किंवा पाइपात जाते. स्वयंपाकघरात एक झाकणाची डबी त्यासाठी ठेवून द्या.

ठेवताना प्रत्येक दागिना वेगळ्या मखमली किंवा मलमलच्या पिशवीत. हिरा १०, नीलम ९. एका डबीत खुळखुळले तर टोपाझचा माथाही चरतो, लेपाचं विचारूच नका. चांदी असेल तर पिशवी झिपच्या प्लॅस्टिक पाकिटात घालून हवा काढा आणि सिलिका जेलची पुडी टाका. कोकण, मुंबई, गोव्याच्या दमट पावसाळ्यात याचा फरक लगेच कळतो. रबरबँड जवळ नको, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते.

९. घरी धुणं

लेप जातो तो फक्त वापरताना नाही, साफ करतानाही. त्यातलं सगळ्यात निरुपद्रवी दिसणारं काम म्हणजे पदराने किंवा रुमालाने कोरडं पुसणं. घरातल्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात आणि त्यांचा टणकपणा ७ च्या आसपास. उघड्या टोपाझला त्यांची भीती नाही. लेपाला आहे. म्हणून आधी पाणी, मग हात.

क्रम असा:

१) बेसिनचं भोक बंद करून आत जाड टॉवेल अंथरा. त्यावर वाटीत २०० मिली कोमट पाणी घ्या, बाळाच्या अंघोळीचं असतं तेवढंच कोमट. त्यात सौम्य लिक्विड सोप किंवा बेबी शाम्पूचे २-३ थेंब.

२) दागिना ५ ते १० मिनिटं बुडवा. मध्ये दोनदा पाण्यातच हळू हलवा. तेलकट थर बहुतेक इथेच सुटतो.

३) मऊ ब्रश ओला करून फक्त माथ्यावर आणि धातूवर फिरवा. खड्याच्या पाठीला ब्रश लावू नका. तिथे साबणाचा मळ अडकला असेल, तर पिचकारीने किंवा ड्रॉपरने साबणाचं पाणी सोडत राहा. दोन-तीन वेळा भिजवावं लागलं तरी चालेल.

४) स्वच्छ पाण्याच्या दोन वाट्यांत एकामागून एक खळबळा. बोअरचं पाणी असेल तर शेवटची वाटी फिल्टरच्या पाण्याची घ्या, नाहीतर वाळल्यावर पाठीवर क्षारांचे पांढरे ठिपके राहतात आणि ते घासून काढायचा मोह होतो.

५) सुती कापडावर ठेवून टिपा, अर्धा तास पंख्याखाली वाळू द्या. ड्रायरची गरम हवा नको.

वापरातली अंगठी दोन-तीन आठवड्यांतून एकदा, कानातलं दोन महिन्यांतून एकदा. त्याहून जास्त धुण्याने काही साधत नाही.

टूथपेस्ट, खायचा सोडा, रांगोळी, चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर: चांदीच्या निरांजनाला जे चालतं, ते इथे चालत नाही. टूथपेस्ट आणि रांगोळी घासतात, चिंच-लिंबू आम्ल आहेत. अल्युमिनियमची पन्नी, सोडा आणि उकळतं पाणी हा समाजमाध्यमांवरचा लाडका उपायही खड्याच्या दागिन्यावर करू नका. गरम पाण्यातून थंडात गेला की टोपाझ चिरू शकतो. रिठ्याचं गाळलेलं पाणी सौम्य असतं, पण त्यात गाळ राहतो. सोन्याच्या साखळीला ते वापरा, या खड्याला साबणाचे दोन थेंब बरे.

१०. चांदी काळी पडली तर

चांदी उजळायचं कापड मिळतं, त्याचा बोटभर तुकडा कापा, इअरबडवर गुंडाळा आणि फक्त धातूवर फिरवा. कापडात उजाळ्याची भुकटी असते, ती खड्याला लागू देऊ नका. नंतर वरच्या पद्धतीने धुवा. बाटलीत बुडवून चांदी पांढरी करणारं द्रव आम्लयुक्त असतं, ते पूर्ण वर्ज्य. मुलामा रोडियमचा असेल तर कापडही जपून. तो झिजला की पुन्हा चढवावा लागतो, घासून परत येत नाही.

११. सोनाराकडे देताना

अंगठी लहान-मोठी करणं, नख बदलणं, उजाळा, पुन्हा मुलामा, यातलं प्रत्येक काम लेपाला घातक आहे. झाळताना ज्योतीची उष्णता. झाळल्यावर तेजाबाचं पातळ द्रावण. मग फिरत्या चाकावर पॉलिश. शेवटी अल्ट्रासॉनिक यंत्र आणि वाफेचा झोत, म्हणजे कंप आणि अचानक उष्णता. ते तर साध्या टोपाझलाही नको, त्या कच्च्या दिशेमुळे. मुलाम्याआधीही दागिना याच यंत्रात धुतात.

कारागिराचा यात दोष नसतो. त्याच्या समोर टोपाझ येतो, तो टोपाझ समजून काम करतो. म्हणून कामाच्या चिठ्ठीवर हे लिहून घ्या: ‘खडा कोटेड आहे. खडा काढून काम करावे. ज्योत, तेजाब, अल्ट्रासॉनिक, वाफ लावू नये.’ देण्याआधी पाठीचा फोटो काढा, कारागिराला दाखवा. खडा काढायची मजुरी वेगळी पडते, ती द्या. काम झाल्यावर दुकानातच भिंगाने पाठ बघा, विशेषतः नखांच्या आसपास.

‘यंत्रात टाकून दोन मिनिटांत चमकवून देतो, पैसे नकोत’ हे प्रेमाने म्हटलेलं वाक्यच जास्त महाग पडतं. नाही म्हणा.

१२. लेप उडालाच तर

लेपाला ठिगळ लागत नाही. एका पैलूपुरता रंग भरणं कोणत्याही सोनाराला शक्य नाही, त्यासाठी निर्वात पात्रच लागतं. उरतात तीन मार्ग.

एक, त्याच मापाचा नवा कोटेड खडा. ठरावीक माप असेल तर खडा आणि जडवायची मजुरी एवढ्यात भागतं. जोडीच्या कानातल्यांत एकाचाच लेप गेला, तरी दोन्ही खडे बदला, कारण दोन वेगळ्या वेळी लेप दिलेल्या खड्यांची छटा क्वचितच जुळते.

दोन, उरलेला लेप काढून पाठ पुन्हा पॉलिश करून घेणं. हे पैलू पाडणाऱ्या कारागिराचं काम, सोनाराचं नव्हे. जयपुरात ते होतं. हाती येतो तो पांढरा टोपाझ, आणि तो मग धुवायला, वापरायला बराच सोपा. वजन किंचित घटतं, म्हणून घरात बसवताना खडा हलत नाही ना ते पाहा.

तीन, त्याच घरात आरपार निळा टोपाझ बसवणं. स्काय ब्लू किंवा स्विस ब्लू ठरावीक मापांत सहज मिळतो. मात्र जुन्या घराची खोली आधी मोजून घ्या. नवा खडा जास्त खोल निघाला, तर टोक बोटाला टोचेल आणि अंगठी पुन्हा कारागिराकडे जाईल.